प्राणी शेवटी: बडोद्यातल्या रविवारच्या वर्गात बायोम कसे शिकवले गेले

पार्श्वभूमी

बडोद्यात दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या बाजूला एका मराठी मंडळाच्या सभागृहात दर रविवारी सकाळी दीड तास मुलांचा निसर्गवर्ग भरतो. सहावी ते आठवीची वीसेक मुलं. शाळा कुणाची गुजराती माध्यमाची, कुणाची इंग्रजी, घरी मराठी. वर्ग दोघं घेतात: जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका, ज्यांना मुलं ‘बाई’ म्हणतात, आणि भूगोलात पदव्युत्तर शिक्षण घेणारा एक तरुण, तो सगळ्यांचा ‘दादा’. मंडळाचं आणि व्यक्तींचं नाव इथे दिलेलं नाही. वयं आणि काही तपशील ओळख पटू नये इतपत बदलले आहेत.

जूनमध्ये विषय ठरला: जगातले बायोम (म्हणजे सारखं हवामान आणि सारखा झाडोरा असलेले मोठे भूप्रदेश) आणि त्यांतले प्राणी. गणेशोत्सवात मांडवाशेजारी मुलांचं प्रदर्शन लागावं ही कार्यकारिणीची अट होती. त्यामुळे आखणी उलटी झाली. आधी पाच टेबलं ठरली (वर्षावन, वाळवंट, गवताळ प्रदेश, तैगा म्हणजे उत्तरेकडचं थंड सूचिपर्णी जंगल, आणि टुंड्रा म्हणजे त्याच्याही उत्तरेचा, झाडं नसलेला गारठलेला प्रदेश), मग प्रत्येक टेबलाला चार मुलं, मग प्रत्येक गटाला प्राण्यांची यादी. पहिले काही आठवडे चित्रं कापणं, चिकटवणं, माहिती पाठ करणं आणि अधूनमधून वन्यजीवांच्या चित्रफिती पाहणं असे गेले. मुलं खूश होती. पालकही खूश होते.

अडचण

जुलैच्या शेवटी दादाने एक छोटी चाचणी घेतली. ‘टुंड्रातले पाच प्राणी’ यासारख्या प्रश्नांना जवळपास सगळ्यांची उत्तरं बरोबर आली. मग त्याने फळ्यावर एका ठिकाणचं बारा महिन्यांचं तापमान आणि पाऊस लिहिला, नाव लिहिलं नाही, आणि विचारलं की इथे झाडं असतील की गवत, की काहीच नाही? कुणालाच सांगता येईना. ज्यांनी प्रयत्न केला त्यांनी ‘तिथे कोणते प्राणी आहेत ते सांगा, मग सांगतो’ असं लिहिलं होतं.

बाकीच्या उत्तरांतूनही दुखणं दिसलं. ध्रुवीय अस्वल आणि पेंग्विन एकाच चित्रात, एकाच हिमखंडावर. सिंह वर्षावनात, तेही गीर ज्या राज्यात आहे त्या राज्यातल्या मुलांकडून. साग पानं का टाकतो, याला ‘थंडीमुळे’ हे उत्तर सर्वांत जास्त आलं. गुजरातमधल्या जांबुघोड्याच्या जंगलातला साग पानं टाकतो तो हिवाळा सरताना आणि उन्हाळा लागताना. जमिनीतलं पाणी संपत आलेलं असतं आणि मोठ्या पानांतून ते उडून जाणं झाडाला परवडत नाही, म्हणून. युरोपातला ओक थंडीच्या तोंडावर पानं गाळतो, कारण तिथे हिवाळ्यात ऊन कमी, माती गारठलेली आणि मुळांना पाणी ओढणं अवघड. दोन्ही पानझडी जंगलंच, पण एक कोरडेपणाला उत्तर देतं आणि दुसरं गारठ्याला. मुलांच्या वहीत दोन्ही एकाच शीर्षकाखाली होती.

बाईंचं निदान स्पष्ट होतं: सुरुवात प्राण्यांपासून झाली, तिथेच चुकलं. बायोम ओळखायला प्राणी हा कच्चा पुरावा आहे. वाघ सुंदरबनच्या खाजणातही राहतो आणि रशियाच्या अतिपूर्वेकडच्या बर्फाळ जंगलातही. लांडगा टुंड्रात आहे आणि गुजरातच्या माळावरही. पेंग्विन म्हणजे बर्फ असं धरलं, तर गॅलापागोस बेटांवर विषुववृत्तालगत राहणाऱ्या पेंग्विनचं काय करायचं? बायोम ठरतो तो मुख्यतः उष्णता किती, पाणी किती आणि ते पाणी वर्षात कधी मिळतं यावरून. त्यावर कोणती झाडं-गवतं तगतात ते ठरतं, आणि प्राणी त्या झाडोऱ्याच्या आधाराने येतात. प्राण्यांची यादी नेमकं वर्षाचं हे वेळापत्रकच झाकून टाकते.

कोणते पर्याय होते

गणेशोत्सवापर्यंत मोजके रविवार उरले होते. चार वाटा चर्चेत आल्या.

पहिली, आहे तेच चालू ठेवायचं आणि प्रदर्शन उरकायचं. ही वाट वाटते तितकी वाईट नव्हती. मुलांचा उत्साह टिकला असता, आणि उत्साह नसलेल्या वर्गात पुढे काहीच शिकवता येत नाही.

दुसरी, चित्रफितींवर भर. बाईंनी ती लगेच नाकारली. चित्रफितीत शिकार दिसते, स्थलांतर दिसतं, पण कोरड्या आठ महिन्यांचा कंटाळवाणा भाग कुणी दाखवत नाही.

तिसरी, कमाटीबागेतलं प्राणिसंग्रहालय आणि तिथलंच वस्तुसंग्रहालय. जवळ, स्वस्त आणि मुलांना आवडणारी. पण पिंजऱ्यातल्या प्राण्याला अन्न-पाणी बाराही महिने हातात मिळतं आणि हवा सगळ्यांना बडोद्याचीच. म्हणजे जो ताण समजून घ्यायचा तोच तिथे गायब असतो. त्यामुळे ही भेट ठेवायची, पण नंतर.

चौथी वाट दादाची: हवामानाच्या पट्ट्या. प्राणी बाजूला ठेवायचे, आधी बारा महिन्यांचा पाऊस-तापमान आलेख काढायचा, त्यावरून झाडोऱ्याचा अंदाज करायचा आणि प्राणी शेवटी, अंदाज तपासायला.

कार्यकारिणीतल्या एका काकांनी रास्त शंका काढली: ‘मांडवात लोक हत्ती-सिंह बघायला येणार. आलेख कोण बघतो?’ निर्णयाचा पहिला टप्पा इथे होता, आणि तो तडजोडीने सुटला. गणेशोत्सवात एकच टेबल लावायचं, तेही बडोद्याचं. पूर्ण प्रदर्शन २६ जानेवारीला. तयार होत आलेली थर्माकोलची पाच दृश्यं टाकून द्यायची नाहीत. जानेवारीपर्यंत कपाटात ठेवायची आणि मुलांनी स्वतः त्यांतल्या चुका शोधायच्या. मुदत पुढे सरकली नसती तर पुढचं काहीच जमलं नसतं.

काय केलं: हवामानाच्या पट्ट्या

आलेखाची पद्धत नवी नाही. हाइनरिश वॉल्टर आणि हेल्मुट लीथ या जर्मन शास्त्रज्ञांनी रूढ केलेली हीच आकृती जगभर वापरतात. नियम एकच: १० अंश सेल्सियस आणि २० मिलिमीटर पाऊस यांची उंची सारखी धरायची. वर्गात १ सेंमी म्हणजे १० अंश आणि १ सेंमी म्हणजेच २० मिमी असं ठरलं. प्रत्येक महिन्याला दीड सेंमी रुंदी, म्हणजे बारा महिने १८ सेंमीत बसतात. तापमानाची रेघ लाल, पावसाचे खांब निळे. निळा खांब लाल रेघेच्या खाली राहिला तर तो महिना कोरडा.

बडोद्याची पट्टी आधी. वर्षाचा पाऊस साधारण ९०० ते १००० मिमी, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. मे महिन्याचं सरासरी तापमान ३३ अंशांच्या पुढे, म्हणजे लाल रेघ सव्वातीन सेंमीच्या वर आणि निळा खांब जेमतेम दिसेल इतका. ऑक्टोबर ते मे सगळे महिने कोरडे निघाले. बडोद्यात वर्षातले आठ महिने पाण्याची तूट असते हे मुलांनी स्वतः रंगवून पाहिलं. जुलैचा खांब मात्र १५ सेंमीच्या आसपास गेला.

मग सात अनामिक पट्ट्या: मनाऊस (ब्राझील), डार्विन आणि पर्थ (दोन्ही ऑस्ट्रेलिया), जैसलमेर, लंडन, याकुत्स्क (सायबीरिया) आणि अलास्काच्या उत्तर टोकाचं उत्कियागविक. आकडे दादाने महिन्यागणिक छापून दिले, नावं पाकिटात बंद.

इथे तीन ठिकाणी गाडी अडली आणि ती कुठल्याही वर्गात अडेल.

एक, कागद. डार्विनला जानेवारीत ४०० मिमीहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे खांब वीस सेंमीहून उंच. याकुत्स्कचा जानेवारी उणे ३८ अंशांच्या आसपास, म्हणजे रेघ शून्याच्या खाली जवळपास चार सेंमी. नेहमीच्या आलेख-कागदावर दोन्ही टोकं मावत नाहीत. मूळ पद्धतीत १०० मिमीच्या वरचा पाऊस दहापट आखडून दाखवतात. ते मुलांना समजावताना अर्धा तास गेला आणि बहुतेकांनी उलटंच काढलं. शेवटी दुकानातल्या बिलाच्या कागदाची गुंडाळी आणून प्रत्येक महिन्याची स्वतंत्र पट्टी कापली आणि भिंतीवर ओळीने लावली. आखडण्याची भानगडच संपली. शिवाय डार्विनचे पावसाळी महिने पाहणाऱ्याच्या डोक्याच्या वर गेले, ही गोष्ट कागदावर कधीच कळली नसती.

दोन, दक्षिण गोलार्ध. डार्विनचा पाऊस जानेवारीत पाहून मुलांनी ‘आकडे चुकलेत’ म्हणून पट्टी परत केली. पर्थला पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा, यावर तर विश्वासच बसेना. हा गोंधळ दादाने मुद्दाम दोन रविवार राहू दिला. निर्णय चांगला होता: गोलार्धाचा खुलासा एका सातवीतल्या मुलीने केला आणि तो कुणी विसरलं नाही.

तीन, याकुत्स्क आणि जैसलमेर. दोन्हीकडे वर्षाचा पाऊस २०० मिमीच्या जवळपास. याकुत्स्कचा थोडा जास्त. पण जैसलमेरला खुरटी झुडपं आणि याकुत्स्कभोवती लार्चचं जंगल. एवढ्याशा पाण्यात जंगल कसं? वर्गाचा सर्वांत मोलाचा तास यावर झाला. उत्तर बाष्पीभवनात आहे. याकुत्स्कला वर्षातले अनेक महिने पाणी गोठलेलं असतं, उन्हाळा छोटा असतो आणि वितळलेल्या वरच्या थराखाली कायम गोठलेली जमीन असल्याने पाणी खाली मुरून जात नाही. जैसलमेरच्या उन्हात तेवढंच पाणी बघता बघता उडतं. जाता जाता आणखी एक समज मोडला: लार्च सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात सुया गाळतो, त्यामुळे ‘सूचिपर्णी म्हणजे सदाहरित’ हे पाठांतर तिथे टिकत नाही.

बाष्पीभवन प्रत्यक्ष दाखवायचा प्रयोग मात्र फसला. दोन सारख्या थाळ्या, प्रत्येकीत मोजून २०० मिलिलिटर पाणी, एक गच्चीत उन्हात आणि एक जिन्याखाली. दोन तासांनी उरलेलं पाणी मोजायचं. ऑगस्टची हवा आधीच दमट, फरक नगण्य. पुढच्या खेपेस सर आली आणि गच्चीतल्या थाळीत पाणी वाढलं. पाऊस उघडल्यावर कावळे पाणी पिऊन गेले. मग खोलीत एका थाळीवर पंखा सोडून प्रयोग केला, तेव्हा फरक दिसला. प्रयोग एप्रिल-मेमध्ये करावा, थाळीवर मच्छरदाणीचं कापड ताणावं आणि दोन्ही थाळ्यांवर ते सारखंच असावं, नाहीतर तुलना बिघडते.

टुंड्रासाठी एक सोपी खूण उपयोगी पडली: वर्षातल्या सर्वांत उबदार महिन्याचं सरासरी तापमान १० अंशांच्या खाली असेल तर तिथे जंगल उभं राहत नाही. उत्कियागविकचा जुलै पाच अंशांच्या आसपास. पट्टीवर १० अंशांची आडवी रेघ मारली की प्रश्न तिथेच मिटतो.

प्राणी आत आले

सप्टेंबरअखेर प्राण्यांचे पत्ते (माहितीची छोटी कार्डं) आले, पण नावांशिवाय. प्रत्येक पत्त्यावर तीन प्रश्नांची उत्तरं: पाणी कुठून मिळवतो, ऊन-थंडीतून कसा वाचतो, अन्न नसलेल्या महिन्यांत काय करतो. उदाहरणार्थ, ‘पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल, कोरड्या बिया पचतानाच शरीरात पाणी तयार होतं, दिवस बिळात’ (उत्तर अमेरिकेच्या वाळवंटातला कांगारू-उंदीर). ‘सात-आठ महिने झोपतो, शरीराचं तापमान शून्याच्याही खाली जातं’ (आर्क्टिक प्रदेशातली जमिनीवरची खार). मुलांनी पत्ता हव्या त्या पट्टीखाली, हव्या त्या महिन्यावर चिकटवायचा आणि कारण सांगायचं. ‘अन्न नसलेल्या महिन्यांत’ हा तिसरा प्रश्न सर्वांत कामाचा ठरला. मनाऊसच्या पट्टीवर तो लागूच पडेना आणि त्यातूनच वर्षावनाचं वेगळेपण मुलांना सापडलं.

खरा रंग भरला तो बडोद्याच्या पट्टीवर. मगर उन्हाळ्याच्या तोंडावर नदीकाठी खड्डा करून अंडी घालते, पिल्लं पावसाच्या सुमाराला बाहेर येतात. पळस फुलतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानं नसताना. सारस खेडा-आणंदच्या भातखाचरांत पावसाळ्यात घरटं करतो. चातक पावसाबरोबर येतो. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते ती उन्हाळ्यात. पट्टी भरत गेली तसा जून हा सगळ्या वर्षाचा कणा आहे हे दिसू लागलं. गणेशोत्सवातल्या टेबलावर या पट्टीची पहिली, अर्धवट भरलेली आवृत्ती होती. लोकांनी ती पाहिलीच, शिवाय घरातल्या थोरांनी आपापल्या नोंदी सांगितल्या. त्यांतल्या काही तपासून पुढे जोडल्या.

यात एक निर्णय घाईने घ्यावा लागला. एका पालकाने विश्वामित्रीच्या काठाने मुलांची फेरी काढायची तयारी दाखवली. बाईंनी नकार दिला. शहरातून वाहणाऱ्या या नदीत मगरींची संख्या मोठी आहे, त्या काठावर बिळं करून राहतात, पुरात सोसायट्यांपर्यंत येतात. गवतातून काठावर उतरणं मुलांच्या गटासाठी धोक्याचंच. निरीक्षण पुलाच्या कठड्याआडून, दुर्बिणीने झालं. दिसल्या दोनच मगरी, पण ऊन खात पडलेल्या. थंड रक्ताच्या प्राण्याला ऊन का लागतं हे त्या दिवशी वेगळं शिकवावं लागलं नाही.

कमाटीबागेची भेट यानंतर झाली. प्रत्येक पिंजऱ्यापाशी तेच तीन प्रश्न, आणि चौथा: इथे यातलं कोणतं काम माणसं करतात? वस्तुसंग्रहालयातल्या निळ्या देवमाशाच्या सांगाड्याने पंचाईत केली. ‘हा कोणत्या पट्टीवर?’ कुठल्याच नाही. पाऊस-तापमानाचा हा हिशेब जमिनीपुरता आहे. समुद्राचे विभाग उजेड, खोली आणि पाण्याचं तापमान यांवर पडतात. समुद्र या वर्षी घ्यायचा नाही असं तिथेच ठरलं.

दुसरी अडचण: पट्टीवरचा अंधविश्वास

नोव्हेंबरपर्यंत मुलं पट्टीवरून धडाधड निकाल देऊ लागली. मग शहराबाहेरच्या पडीक जमिनीवर नेऊन एक मीटर बाय एक मीटरचे दोरीचे चौकोन टाकले, आत काय उगवलंय ते मोजलं. जिकडेतिकडे गांडो बावळ. मुलांनी ती ‘आमच्या बायोमचं मुख्य झाड’ म्हणून लिहिली. ही वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली, माणसांनी आणून लावलेली आणि मग सुटलेली. हवामान तिला मानवलं, म्हणजे ती इथली झाली असं नाही.

दुसरा पेच अधिक गंभीर. पट्टी सांगते की बडोद्याभोवती शुष्क पानझडी जंगल शक्य आहे, गवताळ सॅव्हानाही (विरळ झाडांचं गवताळ रान) शक्य आहे. पाऊस आणि तापमान यांवरून बायोम मांडणाऱ्या, परिसरशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटेकर यांच्या प्रसिद्ध आकृतीतही या मधल्या पट्ट्यात सीमा पुसट आहे. इतक्या पावसात झाडं दाटतील की गवत टिकेल हे आग, चराई आणि माती ठरवतात. भावनगरजवळच्या वेळावदरचं काळविटांचं माळरान ‘झाडं नसलेली वाया गेलेली जमीन’ नाही, हे मुलांना सांगायला हीच जागा योग्य होती. तिथे झाडं लावली तर तणमोर आणि काळवीट दोघांचंही घर जातं. दादाने प्रत्येक पट्टीखाली आणखी एक ओळ रिकामी सोडली: ‘आग, चराई, माणूस’.

बायोम किती, हा प्रश्नही तेव्हाच आला. शाळेच्या पुस्तकात पाच-सहा. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशात जमिनीवरचे १४ बायोम आणि ८६७ परिसर-विभाग. वर्गाने संख्या पाठ करायची नाही असं ठरवलं.

डिसेंबरात डभोईजवळच्या वढवाणा तळ्यावर गेलेली सहल या सगळ्यांत सर्वांत सोपी आणि सर्वांत फलदायी ठरली. सयाजीरावांच्या काळात सिंचनासाठी बांधलेलं हे तळं २०२१ पासून रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आहे. मंगोलिया-तिबेटच्या पठारांवर घरटी करणारा पट्टकादंब आणि टुंड्रात अंडी घालणारा छोटा टिलवा एकाच तळ्यावर हिवाळा काढतात. मुलांनी टिलव्याचा पत्ता दोन पट्ट्यांवर फाडून लावला: जून-जुलै उत्कियागविकच्या पट्टीवर, डिसेंबर बडोद्याच्या. अलास्का हे टिलव्याच्या मुख्य प्रदेशाबाहेरचं, तो युरोप-आशियाच्या टुंड्रातला; पण टुंड्राची पट्टी वर्गात तेवढीच होती. बाईंनी खाली पेन्सिलीने तशी नोंद केली.

काय निष्पन्न झालं

जानेवारीच्या चाचणीत नवी अनामिक पट्टी दिली: जानेवारी उणे वीसच्या खाली, जुलै सतराच्या पुढे, वर्षाचा पाऊस २५० मिमीच्या आसपास आणि तो बहुतेक उन्हाळ्यात. जागा उलानबातर. उत्तरपत्रिकेत ‘गवताळ स्टेप’ हे एकच उत्तर बरोबर धरलं होतं. निम्म्या मुलांनी याकुत्स्कशी तुलना करून ‘लार्चचं जंगल’ लिहिलं. गुण कापायच्या आधी बाईंनी थांबवलं, कारण उलानबातरच्या भोवती उत्तरेकडे तोंड असलेल्या, कमी ऊन लागणाऱ्या उतारांवर खरोखरच लार्चचं जंगल आहे आणि दक्षिणेकडच्या कोरड्या उतारांवर गवत. मग उत्तराला नाही, कारणाला गुण दिले. बहुतेकांनी पाणी, उष्णता आणि हंगाम तिन्हींचा उल्लेख केला होता. जुलैत हे कुणालाच जमलं नव्हतं.

प्रदर्शनात थर्माकोलची दृश्यं चुकांच्या चिठ्ठ्यांसकट मांडली. पेंग्विन अस्वलापासून वेगळा काढून त्याच्या जागी रिकामं वर्तुळ ठेवलं होतं. गर्दी तिथेच जास्त झाली.

शाळेच्या परीक्षेत मात्र फरक पडला नाही. तिथे अजूनही ‘प्राण्यांची नावं लिहा’ असाच प्रश्न येतो आणि काही पालकांनी तसं स्पष्ट बोलून दाखवलं. दोन मुलं मध्येच गळाली, आलेखांना कंटाळून. कापाकापीचे पहिले आठवडे त्यांना आवडले होते; त्यांच्यासाठी हाताचं काम पुढेही ठेवायला हवं होतं.

पुन्हा करायचं तर

वर्ग एप्रिलमध्ये सुरू व्हावा. बाष्पीभवनाचा प्रयोग तेव्हाच जमतो, सागाची पानगळ डोळ्यांसमोर असते आणि पहिला पाऊस पट्टीवर मुलांच्या हाताने चढतो. त्यासाठी सपाट तळाची, सरळ बाजूंची बाटली पर्जन्यमापक म्हणून पुरते, पण ती झाड आणि भिंतीपासून दूर, जमिनीवर घट्ट बसवून. रोज एकाच वेळी मोजून रिकामी करायची. पाणी साचू दिलं तर उडून कमी भरतं.

सात पट्ट्या जास्त होतात. मनाऊस, डार्विन, जैसलमेर, याकुत्स्क आणि बडोदा पुरेत. पर्थ आणि लंडन वेळ उरला तर. टुंड्राची पट्टी घ्यायची असेल तर सायबीरियाच्या उत्तर किनाऱ्यावरचं ठिकाण निवडावं, म्हणजे वढवाण्याचे पाहुणे योग्य जागी चिकटतील. मातीचा एक तास वेगळा हवा: बडोद्याची काळी माती बेसाल्टची आणि युक्रेनच्या स्टेपमधली काळी माती कुजलेल्या गवताची, हे सांगितलं नाही तर रंग पाहून मुलं दोन्ही एक धरतात. चौकोन टाकताना दर चौकोनाशेजारी एक माळी किंवा शेतकरी गाठावा आणि पत्त्यांवर झाडाचं गुजराती नावही लिहावं. पळस विचारला तर उत्तर मिळत नाही, खाखरो विचारला की लगेच बोट दाखवतात.